वाचकांची विचारणा : गावात नवे आरोग्य केंद्र आणायचे आहे

गावात सरकारी आरोग्य केंद्र हवे, अशी पत्रे या सदराकडे गोव्यातल्या बऱ्याच पंचायतींतून आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरे आमच्या दोन सल्लागारांची आहेत : एक सार्वजनिक आरोग्याचे काम जाणणारे, दुसरे बांधकामाचे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न (सत्तरी तालुका, एक पंच) : आमच्या पंचायतीची लोकसंख्या २,६०० च्या आसपास. जवळचे सरकारी इस्पितळ ११ किलोमीटरवर आणि बस दिवसातून चारदा. येत्या ग्रामसभेत 'गावात प्राथमिक आरोग्य केंद्र व्हावे' असा ठराव घेणार आहोत. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना प्रस्तावही तयार आहे. एवढे पुरेल ना?

ठराव घेण्याआधी त्यातला मुख्य शब्द बदला. प्राथमिक आरोग्य केंद्राचा राष्ट्रीय निकष सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० ला एक असा आहे. २,६०० वस्तीचा कागद पहिल्याच टेबलावरून परत येईल. मागायचे आहे ते उपकेंद्र. २०२३ पासून अशा केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. त्याचा निकष सपाट भागात ५,०००, डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० असा आहे. तुम्ही त्याच्याही थोडे खाली आहात. म्हणून शेजारच्या पंचायतीचे जे वाडे तुमच्याच रस्त्याने ये-जा करतात, त्यांची लोकसंख्या जोडा आणि त्या पंचायतीचाही ठराव घ्या. दोन ठराव एकत्र गेले की आकड्याचा प्रश्न बहुधा सुटतो.

दुसरा आधार वेळेचा. घरापासून उपकेंद्र अर्ध्या तासात गाठता यावे, असे आता धरले जाते. त्यामुळे 'इस्पितळ लांब आहे' एवढेच लिहून थांबू नका. प्रत्येक वाड्यावरून पायी किती मिनिटे, पावसाळ्यात कोणता साकव पाण्याखाली जातो, शेवटची बस किती वाजता, हे तक्त्यात मांडा. जनगणनेचा आकडा २०११ चा द्या आणि त्याखाली सध्याच्या नर्सबाईंच्या नोंदवहीतले गेल्या बारा महिन्यांचे आकडे घाला : नोंदवलेल्या गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे नियमित घेणारे. शेवटचा आकडा बहुतेक प्रस्तावांत नसतोच. प्रत्यक्षात केंद्रात दर महिन्याला येणारी माणसे तीच.

तुमच्या नमुन्याबद्दल. तो बहुधा महाराष्ट्रातला असावा. तिथे प्राथमिक केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे असतात, जमिनीला सातबारा लागतो आणि घरोघरचे काम आशाताई करतात. गोव्यात उपकेंद्र थेट आरोग्य सेवा संचालनालयाच्या, म्हणजे पणजीच्या कांपालच्या कार्यालयाच्या हाताखाली येते. जमिनीला एक-चौदाचा उतारा लागतो. आणि आशा ही योजना गोव्यात नाही, त्यामुळे घरोघरचे काम परिचारिका, पुरुष आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्यावरच येते. नमुन्यातले 'आशांची संख्या : ३' तसेच राहिले, तर वाचणाऱ्याला कळते की गावाने आपला कागद स्वतः लिहिलेला नाही.

ठरावात इमारतीआधी पदे मागा. साधारण असे : 'एक समुदाय आरोग्य अधिकारी, एक परिचारिका आणि एक पुरुष आरोग्य कर्मचारी ही पदे मंजूर करून उपकेंद्र सुरू करावे, इमारत होईपर्यंत पंचायत दोन खोल्या, पाणी व वीज उपलब्ध करून देईल.' पदनिर्मितीची फाईल वित्त खात्याकडे जाते, बांधकामाची फाईल वेगळ्या वाटेने. इमारत आधी पुरी झाली आणि पदांची फाईल अडली, तर कुलूप लागलेली नवीकोरी इमारत मिळते. दोन खोल्यांत आधी काम सुरू झाले की रुग्णांची नोंद तयार होते आणि इमारतीच्या फाईलला तीच नोंद सर्वांत जास्त उपयोगी पडते.

ठरावाची प्रत सध्याच्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत वर पाठवा. संचालनालयाकडे थेट दिलेला कागद त्यांच्याच अभिप्रायासाठी खाली येतो आणि त्यात महिने जातात. ग्रामसभेच्या नियमित बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी असतात. जुलैची बैठक हुकली तरी १५ ऑगस्टच्या विशेष सभेत विषय घेता येतो.

प्रश्न (फोंडा तालुका) : गावातले एक भाटकार (जमीनमालक) कुटुंब केंद्रासाठी ६०० चौरस मीटर जागा दान द्यायला तयार आहे. तोंडी होकार मिळाला आहे. कागदपत्रांत काय पाहावे?

दानाची जागा हाती आली म्हणजे निम्मे काम झाले असे वाटते. अडते मात्र इथेच. पाहायच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

पहिली, मालक नक्की कोण? एक-चौदावर आजोबांचे नाव आणि होकार नातवाचा, हे गोव्यात नेहमीचे. आजोबांमागे वारसाहक्काची नोंद झाली आहे का, इन्व्हेंटरी (वारसांमधली मालमत्तेची कायदेशीर वाटणी) झाली आहे का, हे विचारा. झाली नसेल तर पोर्तुगाल किंवा मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक वारसाची सही लागेल. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. त्यामुळे देणारा एकटा सही करून चालत नाही, पतीची किंवा पत्नीचीही सही हवी. शिवाय मुले असताना माणसाला आपल्या मालमत्तेच्या अर्ध्यापेक्षा जास्त भाग दान करता येत नाही. ६०० चौरस मीटर त्या अर्ध्याच्या आत बसतात ना, हे वकिलाकडून लेखी घ्या.

दुसरी, जागेवर मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर आहे का? पंचायत क्षेत्रात मुंडकाराला घर आणि भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. म्हणजे तुमच्या ६०० मधले निम्मे गेले. उताऱ्यावर नाव नसले तरी घर दिसत असेल तर मामलेदारांकडे अर्ज आहे का, ते पाहा.

तिसरी, कुळ. कुळकायद्याने कुळाकडे गेलेल्या जमिनीला १९९१ चा भूवापर कायदा लागू होतो आणि ती शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. उताऱ्याच्या कुळाच्या रकान्यात नाव असेल, तर दुसरी जागा शोधणे बरे.

चौथी, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जागा वस्तीत पडते, फळबागेत की लागवडीखाली? वस्तीत नसेल तर फाईल लांबते. टेकडीचा उतार असेल तर डोंगर कापायला आणि सखल जागा भरायला नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली वेगळी परवानगी लागते. 'थोडेसे सपाट करून घेतले' म्हणून जेसीबी आधी लावू नका.

पाचवी, वाट. भाटातून जाणारी पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. रुग्णवाहिकेला साडेतीन मीटर मोकळी रुंदी आणि आत वळायला जागा लागते. ही पट्टी दानपत्रातच मोजमापासह आणि नकाशासह घाला. जागा मिळाली आणि वाट देणाऱ्याच्याच खाजगी भाटातून राहिली, तर पुढच्या पिढीत तिथे फाटक बसते.

अटींबद्दल एवढेच : देणाऱ्याच्या वडिलांच्या नावाची पाटी जरूर लावा. 'केंद्र बंद पडल्यास जागा परत' अशी अट घातली, तर सरकारी खाते तिथे पैसा ओतायला कचरते.

जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेची, असेल तर वरचे वारस आणि दानपत्राचे मुद्दे लागू नाहीत. तिथे कोमुनिदाद संहितेप्रमाणे स्वतंत्र प्रक्रिया आहे आणि तिला वेळ लागतो.

प्रश्न (पेडणे तालुका) : नदीकाठची सरकारी पडीक जागा सुचवली आहे. भरतीचे पाणी जवळच्या बांधापर्यंत येते. भराव घालून चालेल का?

नाही. भरती-ओहोटीच्या नदीपासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत येतो, आणि बांधाच्या आतली खाजन (खाऱ्या पाण्याच्या काठची सखल) जमीन बांधकामाला घेताच येत नाही. परवानगीचा भाग बाजूला ठेवला तरी, ज्या आठवड्यात गावात पाणी शिरते त्याच आठवड्यात केंद्र कोरडे असायला हवे. गावातल्या जुन्या माणसांना पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारा आणि केंद्राचे जोते त्या खुणेपेक्षा किमान अर्धा मीटर वर येईल अशी जागा बघा.

प्रश्न (बार्देश तालुका, सरपंच) : आराखडा हाती आला आहे. मोठा हॉल, दोन खोल्या, एक स्वच्छतागृह, सपाट स्लॅब. आम्हाला त्यातले काही कळत नाही. काय तपासावे?

आधी हॉल लहान करून घ्या. उद्घाटनाच्या दिवशी हॉल लागतो, एरवी खोल्या लागतात. उपकेंद्राला तपासणीची खोली, लसीकरण व ड्रेसिंगची खोली, औषधसाठा आणि रुग्णांसाठी उघडा पण छपराखालचा व्हरांडा, एवढे पक्के हवे. तपासणीची खोली ३ × ३.६ मीटरपेक्षा लहान नको : खाट, टेबल, दोन खुर्च्या, हात धुण्याचे बेसिन आणि पडदा ओढून खाटेभोवती फिरायला जागा. उपकेंद्रात करायच्या चाचण्यांची यादी १४ ची आहे. त्यांत हिमोग्लोबिन, साखर, लघवी, मलेरिया आणि डेंगीच्या झटपट चाचण्या येतात. त्यासाठी खिडकीखाली दोन मीटर लांबीचा ओटा, त्यात सिंक आणि ओट्यावर दोन प्लग. सिंक तपासणीच्या खोलीत आणि ओटा साठ्याच्या खोलीत, असे आराखड्यात दिसले तर लगेच बदलून घ्या.

आता रॅम्प. नियम १:१२ चा : जोते ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर हवी. आराखड्यात बऱ्याचदा पायऱ्यांशेजारी दोन मीटरची घसरण दाखवलेली असते. तिच्यावरून चाकाची खुर्ची ढकलली जात नाही, आणि पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर चालता माणूसही घसरतो. रुंदी दीड मीटर, वर आणि खाली दीड-दीड मीटरचा सपाट भाग, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर छप्पर. फरशी गुळगुळीत नको, खरबरीत घ्या. मुख्य दार १.२ मीटर ठेवा म्हणजे स्ट्रेचर सरळ आत जाईल. आतली दारे ९० सेंटिमीटरची.

स्वच्छतागृहे तीन हवीत : स्त्रियांचे, पुरुषांचे आणि चाकाच्या खुर्चीसाठी साधारण २ × २.२ मीटरचे. तिसऱ्याचे दार बाहेर उघडणारे घ्या. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार ढकलताच येत नाही. लघवीचा नमुना याच स्वच्छतागृहातून द्यायचा असतो. तिथून चाचणीच्या ओट्यापर्यंत व्हरांडा ओलांडून बाटली हातात घेऊन जावे लागू नये.

सपाट स्लॅबला आमचा स्पष्ट नकार. तीन मीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात उतरते छप्पर आणि भिंतीबाहेर किमान ७५ सेंटिमीटर पुढे येणारा पाखा पाहिजे. स्लॅब हवीच असेल तर तिच्यावर कौलांचा उतार घ्या. चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती छान, पण चिरा पाणी ओढतो. जोत्याच्या पातळीला ओल रोखणारा थर नसेल, तर दुसऱ्याच पावसाळ्यात औषधसाठ्याची भिंत मीटरभर ओली दिसते. तिथे गोळ्यांची पाकिटे फुगतात आणि रक्तातली साखर तपासण्याची उघडी राहिलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते. साठ्याचे रॅक जमिनीपासून १० आणि भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवायचे असतात. त्यामुळे खोलीची रुंदी हे अंतर धरून मोजा.

शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर लांब ठेवतात. चिऱ्याच्या जमिनीत भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांतून पाणी न गाळता धावते. म्हणून जागा असेल तर आणखी लांब घ्या, आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचेही अंतर मोजा.

छपराच्या पाण्याचा हिशेब सोपा. १०० चौरस मीटर छप्पर, तीन मीटर पाऊस, वीस टक्के वाया धरले, तर वर्षाला २ लाख ४० हजार लिटर. एवढे साठवता येत नाही, पण विहिरीत किंवा बोअरमध्ये गाळून सोडता येते. टाक्यांची झाकणे घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी हवी. आरोग्य केंद्राच्याच टाकीत डासांच्या अळ्या सापडाव्यात, यासारखी नामुष्की नाही.

प्रश्न (सांगे तालुका) : आमच्याकडे वीज वारंवार जाते. लसी खराब होतील, म्हणून जनरेटर मागावा का?

आधी लसी कुठे राहतात ते पाहू. उपकेंद्रात सहसा लसींचा साठा नसतो. लसी प्राथमिक किंवा सामुदायिक केंद्राच्या बर्फ-अस्तराच्या फ्रीजमध्ये अधिक २ ते अधिक ८ अंशांत राहतात आणि सत्राच्या दिवशी चार बर्फपिशव्यांच्या लस-डब्यातून येतात. त्यामुळे लसींसाठी जनरेटर मागू नका. मागायची ती वेळेवर डबा आणण्याची सोय.

आपल्याकडे उन्हाची भीती सगळ्यांना, थिजण्याची कुणालाच नाही. पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हिपॅटायटिस-बी या लसी गोठल्या की निकामी होतात, आणि डीप फ्रीजरमधून काढलेल्या कडक बर्फपिशव्या तशाच डब्यात कोंबल्या की हेच घडते. पिशवी बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे, मगच डबा भरायचा. सत्राच्या खोलीत यासाठी ओटा आणि पाणी जायला मोरी हवी. गोवर-रुबेला आणि बीसीजीची कुपी विरघळवल्यावर चार तासांत संपवावी किंवा टाकावी लागते, म्हणून भिंतीवर चालते घड्याळही हवे.

उपकेंद्राला इन्व्हर्टर पुरतो. हिशेब असा : १० वॅटचे आठ दिवे ८० वॅट, ३० वॅटचे चार पंखे १२०, संगणक व इंटरनेटचे यंत्र १५०, एकूण ३५० वॅट. १५० अँपिअर-तासाच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांत कागदावर ३,६०० वॅट-तास असतात, पण शिशाची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवावी. नुकसान वजा जाता हाती १,६०० च्या आसपास येतात, म्हणजे साडेचार तास. उकळण्याचे यंत्र, गिझर आणि एसी वेगळ्या तारेवर घ्या. ते इन्व्हर्टरच्या तारेवर जोडलेले असले की पहिल्याच महिन्यात 'इन्व्हर्टर खराब' अशी तक्रार येते. यंत्र बिघडलेले नसते, वायरिंग चुकलेले असते.

प्रश्न (डिचोली तालुका) : सुया, बँडेज वगैरे कचऱ्यासाठी आवारात खड्डा खणून जाळावे, असे एका सदस्याचे म्हणणे आहे.

जाळायचे नाही आणि पुरायचेही नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर स्वतःची विल्हेवाट लावता येत नाही, आणि गोव्यात कुंडईला असे केंद्र आहे. रक्त लागलेले कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत, सिरिंज (सुई काढून) व नळ्या लाल पिशवीत, सुया व ब्लेड न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. रक्त लागलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उपकेंद्राचा कचरा थोडा असल्याने गाडी रोज येत नाही. म्हणून गाडीचे वार आधी लेखी ठरवा आणि लसीकरण सत्र गाडीच्या आदल्या दिवशी ठेवा.

आराखड्यात यासाठी रस्त्याकडून उघडणारी, कुलपाची, जाळीच्या खिडकीची दोन चौरस मीटरची खोली हवी. रुग्णाच्या दारातून पिशव्या बाहेर नेणे बरे नव्हे. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी खाटा नसलेल्या केंद्राला एकदाच घ्यावी लागते. वार्षिक अहवाल मात्र दर वर्षी ३० जूनपर्यंत.

सांडलेल्या रक्तावर एक टक्का क्लोरीनचे पाणी ओततात. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर लिटरला ३० ते ३५ ग्रॅम. जुलैमध्ये उघड्या पिशवीतली पावडर ओली होऊन तिचा जोर जातो, मग ग्रॅम मोजून उपयोग नाही. छोटे बंद डबे मागवा.

प्रश्न (काणकोण तालुका) : नव्या उपकेंद्रात सर्पदंश आणि हार्ट अटॅकचा इलाज होईल, असे लोकांना सांगितले जात आहे. हे खरे का?

नाही, आणि असे सांगणे धोक्याचे आहे. सापाच्या विषावरचे औषध शिरेतून द्यावे लागते, सुरुवातीलाच दहा कुप्यांच्या आसपास, आणि त्याची उलटी प्रतिक्रिया आली तर सांभाळायला डॉक्टर समोर हवा. उपकेंद्राचे काम : चावा बसलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवणे, दोरी आवळू न देणे, कापू-चोखू न देणे, चाव्याची वेळ लिहिणे आणि १०८ ला बोलावणे. छातीत दुखत असेल तर फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेऊन ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावायला देता येते. 'स्टेमी-गोवा' या हार्ट अटॅकवरच्या सरकारी प्रकल्पाखाली ईसीजी काढून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधल्या तज्ज्ञांना पाठवण्याची सोय ज्या सरकारी इस्पितळात आहे, तिथेच रुग्णाला न्या. त्याचे नाव आणि रस्ता केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. उपकेंद्र बंद असताना माणूस आधी तिथे येऊन अर्धा तास घालवणार नाही, एवढी काळजी फलकाने घ्यायची आहे.

प्रश्न (केपे तालुका) : कंत्राटदार एप्रिलअखेर काम सुरू करतो म्हणतो. पावसाआधी पाया होईल, असे त्याचे म्हणणे.

पाया होईल, पण छप्पर होणार नाही, आणि उघड्या भिंती चार महिने पाणी पितील. ऑक्टोबरअखेर सुरुवात, मेच्या मध्यापर्यंत छप्पर, ही वेळ धरा. कामगारांची मलेरियासाठीची आरोग्य कार्डे तपासा. क्युरिंगसाठी (सिमेंटकाम ओले ठेवण्यासाठी) साठवलेले पाणी आणि पिंपे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करायला लावा.

ताबा घेण्यापूर्वी तीन गोष्टी पंचांसमोर करून घ्या. छपरावर आणि न्हाणीघरांत २४ तास पाणी धरून खालून ओल पाहा. रॅम्पवरून माणूस बसवलेली चाकाची खुर्ची एकट्याने वर न्यायला सांगा. मुख्य वीज बंद करून इन्व्हर्टरवर कोणते दिवे लागतात, ते आराखड्याशी ताडून पाहा. बाकीच्या उणिवा यादीत लिहून सही घ्या, आणि ती यादी पुरी होईपर्यंत शेवटचे बिल चुकते करू नये, असे बांधकाम करणाऱ्या खात्याला लेखी कळवा.